पिक्सेलची चढाओढ: ३२६ वरून ८०६ वर, आणि पुन्हा खाली

नवा फोन घेताना फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे रंगीत ठिपके) पुरे की क्वाड एचडी (२५६० बाय १४४०) हवा, हा प्रश्न अजून विचारला जातो. मोबाइल कंपन्यांनी गेल्या पंधरा वर्षांत आधी पुढे धावून आणि मग गुपचूप मागे येऊन त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे.

२००७ च्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंची होता, ३२० बाय ४८० पिक्सेलचा. म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल. तेव्हाच्या अशा पडद्यांवर रोमन अक्षरं निभावून जात. देवनागरीचे मात्र हाल होत. शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, हे सगळं एकाच ओळीच्या उंचीत बसवावं लागतं. 'सर्वांत' मधला रफार आणि अनुस्वार तर एकमेकांना खेटून येतात. पिक्सेल मोजके असले की दोन्ही मिळून एकच ठिपका दिसे, आणि 'राष्ट्र' मधला 'ष्ट्र' अंदाजाने वाचावा लागे. त्यामुळे पुढची पहिली झेप मराठी वाचकाच्या खऱ्या उपयोगाची होती, असं मला ठामपणे वाटतं.

ती झेप ७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर झाली. आयफोन ४ चा पडदा तेवढाच साडेतीन इंची, पण ६४० बाय ९६० पिक्सेलचा होता, इंचाला ३२६. दहा-बारा इंचांवर फोन धरला तर साधारण ३०० च्या पुढे डोळ्याला पिक्सेल सुटे दिसत नाहीत, असं स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितलं आणि पडद्याला 'रेटिना' हे नाव दिलं.

डिस्प्लेमेट या संस्थेचे रेमंड सोनेरा यांनी लगेच आक्षेप घेतला. डोळ्याची खरी क्षमता धरली तर बारा इंचांवर ४७७ लागतील, असं त्यांचं म्हणणं. दोघांचे आकडे वेगळे, कारण गृहीत धरलेला डोळा वेगळा. उट्रेख्टचे नेत्रवैद्य हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये जो अक्षरांचा तक्ता केला, त्यात ६/६ नजरेची कसोटी म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखणं. या मापाने ३० सेंटिमीटरवर हिशोब येतो इंचाला सुमारे २९०, म्हणजे जॉब्स यांच्या आकड्याजवळ. पण निरोगी तरुण डोळे याहून बारीक पाहू शकतात, सोनेरांनी त्या साठाव्या भागाच्या ०.६ पट एवढं माप धरलं होतं. शिवाय लघुदृष्टीची माणसं चष्मा काढून फोन नाकाशी धरतात, तेव्हा अंतरच निम्मं होतं. म्हणून एकच एक 'पुरेसा' आकडा नाही. तरी ३०० ते ५०० च्या पट्ट्यात गोष्ट संपते, एवढं नक्की.

बाजार तिथे थांबला नाही. २०१२ च्या अखेरीस एचटीसीचा पाच इंची फुल एचडी फोन जपानमध्ये आला, इंचाला सुमारे ४४० पिक्सेल. २०१३ च्या डिसेंबरात विवोने एक्सप्ले ३एस मध्ये क्वाड एचडी आणलं, २०१४ मध्ये एलजी जी३ ने ५३८ गाठले. सप्टेंबर २०१५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सोनीने एक्सपीरिया झेड५ प्रीमियम दाखवला: साडेपाच इंचांत ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल, इंचाला ८०६. आणि हाच फोन मेनू, मेसेज, वेबपानं असं बहुतेक सगळं फुल एचडीतच रंगवायचा. पूर्ण ४के (तेच ३८४० बाय २१६०) फक्त ठरावीक फोटो आणि व्हिडिओंना. कारण उघड आहे. पिक्सेल चौपट झाले की ग्राफिक्सचं कामही चौपट होतं. एलसीडीत, म्हणजे मागून दिवा लावलेल्या पडद्यात, तर पिक्सेल बारीक झाले की तारा आणि ट्रान्झिस्टर प्रकाश अडवतात, मग मागचा दिवा जास्त जाळावा लागतो. भार शेवटी बॅटरीवरच.

या धावेत दोन गोष्टींना मात्र खरा आधार होता. बहुतेक ओएलईडी पडद्यांत (ज्यांत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) पेनटाइल रचना असते: प्रत्येक पिक्सेलला हिरवा ठिपका स्वतंत्र, पण लाल आणि निळे निम्मेच. तिथे ३०६ चा आकडा एलसीडीच्या ३०६ इतका धारदार दिसत नाही. ३०६ च्याच, २०१२ च्या गॅलेक्सी एस३ मध्ये बारकाईने पाहणाऱ्यांना हे जाणवायचं. दुसरी गोष्ट व्हीआर, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणं. २०१४ च्या गिअर व्हीआर चष्म्यात फोनच डोळ्यांसमोर बसे आणि भिंगातून क्वाड एचडीचेही पिक्सेल दिसत. फोन अडकवायचे ते चष्मे काही वर्षांत मागे पडले, आणि तो आधारही गेला.

माघार तेवढ्यातच सुरू झाली होती. २०१७ चा गॅलेक्सी एस८ क्वाड एचडी पडद्याचा, पण पेटीतून काढल्यावर फुल एचडीवर लावलेला. २०२० च्या एस२० मध्ये १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं) हवं तर रेझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, उतरवावं लागे. २०२१ च्या साध्या एस२१ ला क्वाड एचडी पडदाच दिला नाही. ॲपलने २०१८ च्या आयफोन एक्सआरला पुन्हा ३२६ चा एलसीडी लावला आणि तो धडाक्यात खपला. ओएलईडी आयफोन २०१७ पासून ४६० च्या आसपासच आहेत. आणि मे २०२४ मध्ये सोनीने, जिने ४के फोन आणला तिनेच, एक्सपीरिया १ ची सहावी आवृत्ती फुल एचडी प्लस (लांबट पडद्यासाठीचं फुल एचडी) पडद्यासह काढली.

मराठी वाचणाऱ्याने एलसीडीत ३२६ च्या वर आणि ओएलईडीत ४०० च्या आसपास पाहावं. त्यापुढचे पैसे उन्हात दिसणाऱ्या उजेडावर आणि बॅटरीवर घालावेत.