घुबडाची पारख

इ.स.पू. ३७५ च्या सुमारास अथेन्समध्ये नाण्यांविषयी एक कायदा झाला आणि तो संगमरवरी शिळेवर कोरून ठेवला गेला. ही शिळा १९७० साली तिथल्या जुन्या बाजारपेठेच्या, म्हणजे अगोराच्या, उत्खननात सापडली. निकोफोन नावाच्या नागरिकाने मांडलेल्या या कायद्यानुसार सराफांच्या टेबलांपाशी सरकारी मालकीचा एक गुलाम बसायचा. त्याचं काम एकच, लोकांनी आणलेली चांदीची नाणी पारखायची. आत तांबं किंवा शिसं निघालं, किंवा नाणं खोटं ठरलं, तर त्याने ते तिथल्या तिथे कापायचं आणि ते देवमातेच्या नावाने जमा व्हायचं. पारखी जागेवर नसला किंवा त्याने कामात कसूर केली तर पन्नास फटके. आणि त्याने खरं ठरवलेलं नाणं एखाद्या दुकानदाराने नाकारलं तर त्या दुकानदाराचा त्या दिवसाचा विक्रीचा माल जप्त.

यातली सर्वांत शहाणपणाची तरतूद वेगळीच आहे. नाणं परमुलखात पाडलेलं, छाप मात्र अथेन्सची आणि चांदी चांगली, असं असेल तर ते कापायचं नाही. ज्याने आणलं त्याला परत द्यायचं. अथेन्सच्या नाण्याला इतकी पत होती की इजिप्तपासून अरबस्तानापर्यंत लोक आपापल्या गरजेसाठी तसलीच नाणी पाडत. त्यांना खोटी म्हणणं अन्यायाचं आहे. आपल्याकडेही हे घडलंय. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. वायव्येकडच्या ग्रीक राजांच्या नाण्यांचा वारसा सांगणाऱ्या या नाण्यांच्या कडेने ग्रीक अक्षरं आहेत, आणि बऱ्याच नाण्यांवर ती इतकी बिघडलेली आहेत की कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुढे आपला छापही उठवला. हा चलनाचा इतिहास झाला. या लेखाचा विषय त्या नाण्यांचा आहे जी गिऱ्हाईक फसावं म्हणूनच बनवली गेली.

अथेन्सचं प्रसिद्ध नाणं म्हणजे चार द्राख्मांचं (द्राख्मा हे ग्रीक चलनाचं एकक) 'घुबड'. एका बाजूला अथेना देवीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि शहराच्या नावाची तीन अक्षरं. वजन साधारण १७.२ ग्रॅम, चांदी अतिशय शुद्ध, आणि ती शहराच्या दक्षिणेकडच्या लॉरियनच्या खाणींतली. अशा नाण्याची नक्कल करण्याचा मोह त्या काळीच झाला. रीत हुशारीची होती. तांब्याची चकती चांदीच्या पत्र्यात गुंडाळायची आणि तापवायची. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबं १०८५ अंशांना. पण दोन्ही एकमेकांना भिडतात तिथे तयार होणारं मिश्रण ७८० अंशांच्या आसपासच पातळ होतं. म्हणजे पत्रा आणि गाभा दोन्ही घन असतानाच त्यांच्यामधली सीमारेषा स्वतःला डाख लावून घेते. मग त्यावर ठसा मारला की वरून दिसायला अस्सल नाणं तयार. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस लॉरियनची चांदी तुटली, तेव्हा खुद्द अथेन्सच्या सरकारनेच अशी मुलाम्याची नाणी चालवली. ॲरिस्टोफेनीसने इ.स.पू. ४०५ मधल्या 'बेडूक' नाटकात चांगली नाणी सोडून 'काल-परवा पाडलेल्या' तांब्याच्या भिकार नाण्यांनी व्यवहार करणाऱ्या नागरिकांची टर उडवली आहे.

त्या गुलामाकडे छिन्नी होती. आज कोणी अडीच हजार वर्षांचं नाणं कापून पाहणार नाही, पण पोटात काय आहे हे न कापता कळण्याची सोय आहे, तीही स्वस्तात. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात असं लोंबकळत सोडायचं की ते तळाला टेकणार नाही. काट्यावर जितके ग्रॅम वाढतात तितके घन सेंटिमीटर त्या नाण्याचं आकारमान. चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणून १७.२ ग्रॅमचं खरं घुबड १.६४ दाखवेल. आत तांबंच तांबं असेल तर आकडा १.९२ च्या जवळ जाईल. कथिलाच्या पांढऱ्या मिश्रधातूची पर्यटकी प्रतिकृती असेल तर २.३ च्या आसपास. सिसिलीतल्या सिराक्यूजच्या आर्किमिडीजच्या नावावर सांगितलं जाणारं हे तत्त्व सिसिलीच्याच नाण्यांवर चालवताना मौज वाटते.

पण त्याला मर्यादा आहेत. शिसं चांदीहून जड, तांबं हलकं. दोन्ही योग्य प्रमाणात आणली की घनता चांदीइतकी भरते. आणि सव्वा ग्रॅमच्या चिमुकल्या नाण्याचं आकारमान इतकं कमी की काट्यातली एका शतांशाची चूकसुद्धा निकाल फिरवते. चुंबकाची चाचणी तर फक्त लोखंडाचा ठोकळेबाज माल पकडते.

नाणं वाजवून पाहण्याची आपल्या सराफांची सवय इथे चक्क उलटी पडते. जुन्या चांदीत शतकानुशतकं अंतर्गत बदल होत राहतात. तिच्यातलं थोडंसं तांबं स्फटिककणांच्या सीमांवर जमा होतं, जमिनीतले क्षार त्याच सीमांमधून आत शिरतात, आणि वरून धडधाकट दिसणारा धातू ठिसूळ होतो. असं अस्सल नाणं वाजवलं तर बद्द आवाज येतो. फरशीवर आपटून पाहिलं तर त्याचे दोन तुकडेही होऊ शकतात. तुटलेल्या जागी साखरेसारखे चमकणारे कण दिसले तर ती मात्र जुनेपणाची भक्कम खूण, कारण हा ठिसूळपणा कारखान्यात आणणं फार अवघड आहे. अर्थात, ही खूण दिसेपर्यंत नाणं गेलेलं असतं.

मग क्ष-किरणांनी धातूची घटकद्रव्यं तपासणारं यंत्र का वापरू नये? वापरतात. पण ते पृष्ठभागाखाली मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंतच पाहतं. जाड पत्र्याच्या प्राचीन मुलाम्याच्या नाण्याला ते निर्धास्तपणे 'शुद्ध चांदी' म्हणून मोकळं होईल. शिवाय जमिनीत राहिलेल्या नाण्याच्या वरच्या थरातून तांबं झिजून गेलेलं असतं, त्यामुळे वरचा आकडा आतल्या धातूचा नसतो. तरी हे यंत्र एका ठिकाणी फार कामाचं आहे, ते म्हणजे अतिशुद्धता पकडायला. लॉरियनची चांदी शिशाच्या खनिजातून निघे. खनिज वितळवून चांदीमिश्रित शिसं काढायचं आणि ते हवेच्या झोतात तापवायचं. शिशाचं ऑक्साइड होऊन बाजूला जातं, चांदी उरते. या प्रक्रियेत थोडं शिसं, किंचित बिस्मथ आणि खनिजात असलेलं सोनं चांदीसोबतच राहतं. लॉरियनच्या चांदीत सोनं अगदी कमी, पण नसतं असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चांदी विजेच्या साहाय्याने शुद्ध होऊ लागली आणि हे सगळे सोबती गळाले. त्यामुळे शिसंही नाही, सोनंही नाही, अशी निष्कलंक चांदी घुबडात आढळली तर ती गुणवत्ता नव्हे, पुरावा. नेमकं साडेसात टक्के तांबं निघालं तरी तेच. ते प्रमाण आजच्या दागिन्यांच्या चांदीचं आहे.

यावर तोड निघालेली आहेच. झिजलेली, कवडीमोलाची पण खरी प्राचीन नाणी घ्यायची आणि त्यांच्यावरच नवा छाप मारायचा. कार्ल विल्हेल्म बेकर हा जर्मन कारागीर (१७७२–१८३०) हे करत असे. तो नक्कल ओतत नव्हता. पोलादी ठसे स्वतः कोरायचा. शेकडो प्रकारच्या नाण्यांचे ठसे त्याने कोरले. तयार नाणी लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या पेटीत घालून ती पेटी तो आपल्या घोडागाडीला बांधायचा आणि फेरफटका मारून यायचा. खडबडीत रस्त्यांनी नाण्यांना म्हातारपण यायचं. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले, त्यामुळे आज बेकरचं नाणं ओळखणं बरंच सोपं झालंय. पण धातू अस्सल प्राचीन असताना रसायनशास्त्राने इथे काय सांगावं?

खरी पारख इथून पुढे सुरू होते, आणि ती धातूची नसून घटनेची असते. ग्रीक नाणं म्हणजे एका क्षणाची नोंद. ऐरणीत बसवलेला एक ठसा, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर दुसरा ठसा, आणि हातोडा. धातू त्या दाबाने केंद्राकडून कडेकडे सरकतो. चांगल्या भिंगाखाली त्या सरकण्याच्या बारीक रेषा दिसतात, अक्षरांच्या कडा धारदार असतात, नाण्याच्या काठाला ताणाने भेगा गेलेल्या असतात. ओतीव नकलेत यातलं काही घडलेलंच नसतं. तिच्यावर हवेच्या बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे असतात, कोरीवकामाला एक गुळगुळीत मऊपणा येतो, आणि साच्याचे दोन भाग जुळतात ती रेष काठावर उरते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा उरतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून ओतीव प्रत मूळ नाण्याहून किंचित लहान भरते.

आता ठशाचं पाहू. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, म्हणून एकमेव. त्याच्यातून शेकडो-हजारो नाणी निघत. घुबडाच्या डोळ्याजवळ ठशाला तडा गेला असेल तर त्यापुढच्या प्रत्येक नाण्यावर तो तडा उठणार, आणि पाडकाम चालू राहील तसा वाढत जाणार. पण चकतीचा आकार, छाप केंद्रापासून किती सरकला, काठाची भेग कुठे गेली, पुढे कोणाच्या थैलीत कुठे ओरखडा पडला, हे सगळे अपघात. ते त्या एका नाण्याचेच. थोडक्यात, खऱ्या नाण्यांत ठशाचे दोष पुन्हा पुन्हा येतात, नाण्याचे अपघात येत नाहीत. माझ्या मते नाणी पारखण्याच्या शास्त्रात यापेक्षा मोलाचं वाक्य नाही. दोन नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा असेल, तर दोन्ही सुंदर असोत, दोन्हींचं वजन बिनचूक असो, निदान एक तरी खोटं आहे; बहुधा दोन्ही.

आजचा सर्वांत धोकादायक माल नेमका या नियमाने पकडला जातो. बनावट ठसा कोरण्याऐवजी खऱ्या नाण्यावरूनच तो उतरवून घेतात, यांत्रिक दाबाने किंवा विजेच्या ठिणग्यांनी पोलाद खात खात. मग त्या ठशाने खरोखरीच चांदीची चकती ठोकतात. म्हणजे सरकण्याच्या रेषा आहेत, धारदार कडा आहेत, बुडबुडे नाहीत. शैलीवर बोट ठेवता येत नाही, कारण ती मूळ ग्रीक कोरक्याचीच. पण उतरवलेल्या नाण्याची झीज, त्याच्या गालावरचा पोचा, अर्धवट उठलेलं अक्षर, हे सगळं ठशात जातं आणि प्रत्येक नकलेवर त्याच जागी उठतं. एकटं नाणं हातात असताना हे कळत नाही. दुसरं बाजारात आलं की दोन्ही एकदम पडतात. म्हणूनच चलाख बनावटखोर एका ठशाची नाणी वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या देशांत, थोडी थोडी सोडतो.

असा धीर न धरल्याने काय होतं हे काळ्या समुद्राच्या कथित घबाडाने दाखवलं. १९८८ च्या सुमारास अपोलोनिया आणि मेसेम्ब्रिया या आजच्या बल्गेरियातल्या प्राचीन ग्रीक वसाहतींची छोटी चांदीची नाणी बाजारात एकदम ढिगाने आली. मोठं घबाड सापडलं म्हणून व्यापाऱ्यांनी ती घेतली, विकली. चांदी चांगली होती, नाणी ठोकलेली होती. वाद बराच झाला, अखेर ती आधुनिक ठरवली गेली.

सगळ्या प्रतिकृती दुष्ट हेतूने जन्मत नाहीत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियममध्ये रॉबर्ट रेडी विद्युत विलेपनाने दुर्मीळ नाण्यांच्या हुबेहूब प्रती करत आणि त्या अभ्यासकांना, इतर संग्रहालयांना विकल्या जात. दोन बाजूंचे पातळ कवच जोडून आत शिसं भरलेलं असे आणि काठावर आद्याक्षरांची खूण. अमेरिकेत १९७३ पासून नक्कल नाण्यांवर 'कॉपी' असा शिक्का कायद्याने सक्तीचा आहे. काठावरची खूण कानशीने घासायला किती वेळ लागतो हे सांगायला नको. काठ संशयास्पदरीत्या स्वच्छ असणं हाच मग पुरावा ठरतो.

या सगळ्यामुळे जाणते संग्राहक नाण्याइतकंच कागदाला महत्त्व देतात. शंभर वर्षांपूर्वीच्या लिलावाच्या छापील सूचीत याच नाण्याचं, याच भेगेसह छायाचित्र असेल तर ठिणग्यांनी ठसे उतरवण्याची कला तेव्हा नव्हती, एवढं नक्की. 'शेतात नुकतंच सापडलं' या शब्दांवर भुलणारा मात्र दोन्हीकडून जातो. नाणं खरं असेल तर ते बहुधा चोरीचं, आणि खोटं असेल तर खोटंच.

२०१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये नेमकं हे झालं. एका मोठ्या नाणे-मेळाव्याच्या वेळी एका नामांकित जाणकाराला अटक झाली. त्याच्याकडे सिसिलीतल्या अक्रागास शहराचं दहा द्राख्मांचं नाणं होतं. ही नाणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. ते इटलीच्या मातीतून अलीकडेच बेकायदा काढलेलं आहे हे आपल्याला ठाऊक असल्याचं त्याच्याच बोलण्यातून पुढे आलं होतं. तपासात ते नाणं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेलं आणि ते उत्कृष्ट दर्जाचं बनावट निघालं. आयुष्यभर ग्रीक नाणी हाताळलेल्या डोळ्यांना ते कळलं नव्हतं. त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षेत दंड आणि समाजसेवेबरोबर, मूळ ठावठिकाणा नसलेल्या नाण्यांच्या व्यापाराविषयी एक लेख लिहिण्याचीही अट होती. दोष मात्र चोरीचा माल बाळगण्याचा ठरला नाही, बाळगण्याच्या प्रयत्नाचा ठरला, कारण ज्या प्राचीन नाण्याची चोरी झाली असं सगळे समजत होते ते कधी जमिनीत नव्हतंच.