दुसऱ्यांच्या गप्पा ऐकून घडलेला सर्व्हर

सोलापुरात एखाद्या सीएच्या किंवा टॉवेल निर्यातदाराच्या ऑफिसात गेलात तर राउटरच्या शेजारी एक छोटा डबा लुकलुकताना दिसण्याची बरीच शक्यता आहे. टॅलीचा बॅकअप त्यात, चादरीची जकार्ड डिझाइनं त्यात, स्कॅन केलेली बिलंही त्यातच. टेबलावरच्या कॉम्प्युटरला तो विंडोजचाच एखादा शेअर्ड फोल्डर वाटतो. प्रत्यक्षात आत विंडोज नसतं. बहुतेक वेळा लिनक्स असतं, आणि त्यावर ‘सांबा’ नावाचा प्रोग्रॅम विंडोजशी विंडोजच्याच भाषेत बोलत असतो. गंमत म्हणजे सुरुवातीची कित्येक वर्षं ही भाषा त्याला विंडोजवाल्यांनी शिकवलेली नव्हती.

त्या भाषेचं नाव एसएमबी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी ती आखली. ‘ही फाइल उघड’, ‘इथून इतके बाइट दे’, ‘हा भाग मी लिहितोय, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस’ असे निरोप एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला कसे धाडायचे, याचे हे नियम. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि आपल्या सोयीने वाढवत नेली.

डिसेंबर १९९१मध्ये कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हा पीएचडीचा विद्यार्थी होता. डीईसी या कॉम्प्युटर कंपनीचं पाथवर्क्स हे नेटवर्क सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पीसीवरून त्याला युनिक्स (लिनक्स ज्या धर्तीवर बनलं ती सिस्टिम) मशीनवरच्या फाइली हव्या होत्या. नियमांची पुस्तिका हाताशी नव्हती. मग त्याने नेटवर्कवरून जाणारे निरोप टिपणारा प्रोग्रॅम लिहिला, कोणत्या मागणीला काय उत्तर जातं ते पाहिलं, आणि तशीच उत्तरं देणारा सर्व्हर तयार करून जानेवारी १९९२मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. आपण डीईसीची भाषा शिकतोय अशी त्याची समजूत होती. नंतर त्याने विषय सोडूनही दिला.

जवळपास दोन वर्षांनी त्याला बायकोचा विंडोज पीसी आपल्या लिनक्स मशीनला जोडायचा होता. जुना कोड चालवून पाहिला, तर तो चक्क चालला! आपण जी भाषा शिकलो ती डीईसीपुरती नाही, मायक्रोसॉफ्टचीही तीच आहे, हे तेव्हा ध्यानात आलं. १९९४मध्ये त्याच्या प्रोग्रॅमच्या आधीच्या नावावर एका कंपनीने ट्रेडमार्कचा हक्क सांगितला. तेव्हा एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द त्याने कॉम्प्युटरवरच्या शब्दयादीतून काढले आणि ‘सांबा’ उचलला.

हे काम कसं चालायचं ते सोलापूरकराला वेगळं समजावून सांगायला नको. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात वाढलेलं मराठी घरातलं पोर तेलुगू शिकतं ते काही व्याकरणाचं पुस्तक उघडून नव्हे. कन्ना चौकात चहा पिणारे काय मागतात आणि मालक काय देतो, हे ऐकून शिकतं. ट्रिजेल स्वतः फ्रेंच कॅफेचं उदाहरण देतो, मुद्दा तोच. पण नुसत्या ऐकण्याला मर्यादा असते. कुणी मागतच नाही अशा गोष्टीचं नाव कळणार कसं? त्यावर सांबाच्या मंडळींचा उपाय मला या सगळ्या कहाणीत सर्वात आवडतो. त्या भाषेच्या पहिल्या पिढीत आज्ञेचा क्रमांक एकाच बाइटचा, म्हणजे शक्यता फक्त २५६. सगळे क्रमांक एकेक करून विंडोजकडे पाठवून बघायचे. ‘असली आज्ञा मला माहीत नाही’ आणि ‘आज्ञा कळली, पण तपशील चुकला’ ही दोन उत्तरं वेगळी येतात, आणि तेवढ्या फरकावरून लपलेली आज्ञा सापडते. पुढे त्यांनी असे प्रोग्रॅम लिहिले की जे वाट्टेल त्या मागण्या एकाच वेळी विंडोजला आणि सांबाला पाठवतात आणि दोघांच्या उत्तरांत कुठे तफावत पडते ते दाखवतात. विंडोजचं उत्तर तर्काला धरून नसलं तरी सांबानेही तेच द्यायचं. समोरचा चुकीचं बोलत असेल तर आपणही तसंच चुकीचं बोलायचं, हे प्रोग्रॅमरच्या स्वभावाला किती जड जात असेल!

आणि दोन घरांच्या रीती तर मुळातच वेगळ्या. विंडोजला फाइलच्या नावातलं इंग्रजी अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल याने फरक पडत नाही, युनिक्सला पडतो. विंडोजने एखादी फाइल मागितली आणि त्या नेमक्या नावाची सापडली नाही, तर ती खरंच नाही याची खात्री करायला सांबाला अख्खा फोल्डर चाळावा लागतो. फोल्डरमध्ये दहा-वीस हजार डिझाइनं असली की हे जाणवतं. देवनागरीत कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही, पण २००३च्या सप्टेंबरात सांबाच्या ३.० आवृत्तीत युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत) येईपर्यंत देवनागरी नावं धड पोचतील याची खात्री नव्हती.

जमीनही स्थिर नव्हती. १९९७मध्ये विंडोज एनटीच्या एका सुधारणेने उघडा पासवर्ड पाठवणं बंद केलं. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण जुन्या पद्धतीने बसवलेले सांबा सर्व्हर एकाएकी परके झाले. प्रत्येक नव्या विंडोजबरोबर असलं काहीतरी यायचंच. सांबाचा एक प्रमुख प्रोग्रॅमर जेरेमी ॲलिसन आणि देशोदेशीचे इतर लोक ते निस्तरत. सुरुवातीला बरंचसं काम पदरमोड करून चालायचं. जुन्या माहितीपत्रकात तर मदत करायची असेल तर पिझ्झाची कुपनं पाठवा असं लिहिलं होतं. पुढे मोठ्या कंपन्यांनी यातल्या काहींना पगार देऊन हेच काम करायला ठेवलं.

मग प्रकरण युरोपात गेलं. मार्च २००४मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी युरो दंड केला आणि सर्व्हरच्या भाषेची माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितलं. सप्टेंबर २००७मध्ये न्यायालयाने मुख्य निर्णय कायम ठेवला, आणि त्या डिसेंबरात एकदाच १०,००० युरो भरून कागदपत्रं मिळवण्याचा करार झाला. कागदपत्रं गुप्त राहणार, पण ती वाचून लिहिलेला कोड खुला ठेवता येणार. सोळा वर्षं कान देऊन जे गोळा केलं, त्याची पुस्तिका अशी हाती आली. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी सांबाला स्वतः थोडा कोडही दिला. डिसेंबर २०१२च्या ४.० आवृत्तीपासून तर ऑफिसातली सगळी लॉगिन सांभाळणारा मुख्य सर्व्हर म्हणूनही सांबा उभा राहू शकतो.

फुकट मिळतं म्हणून बसवून विसरून जावं, असं मात्र हे प्रकरण नाही. मार्च २०१०च्या ३.५ आवृत्तीपासून सांबात एक भोक होतं. ते २४ मे २०१७ला बुजवलं गेलं. ज्या फोल्डरमध्ये बाहेरच्याला लिहिता येतं, तिथून त्याला आपला प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवता येत होता. दुरुस्ती आली, पण त्या लुकलुकणाऱ्या डब्यात ती आपोआप येईलच असं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फर्मवेअर, म्हणजे डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर, कधीचं आहे ते बघा. २०१९च्या ४.११ आवृत्तीने एसएमबीची जुनी पहिली पिढी मुळातच बंद ठेवली, आणि विंडोज एक्सपीला नेमकी तेवढीच येते. कारखान्यात एखादं जुनं मशीन अजून एक्सपीवर असेल, तर डबा अपडेट केल्यावर त्याला फोल्डर दिसेनासा होतो. मग ओळखीचा कॉम्प्युटरवाला येतो आणि दोन मिनिटांत जुनी पिढी पुन्हा चालू करून देतो. त्याला तसं करू देऊ नका. ते एक मशीन नेटवर्कपासून तोडा आणि डिझाइनं पेनड्राइव्हवर न्या.