रुळाखालचं चाक

परवा एका मनोरंजन उद्यानाची जाहिरात पाहिली: 'अनुभवा शून्य गुरुत्वाकर्षण!' तिकिटाच्या पैशांत न्यूटनला रजेवर पाठवता आलं असतं, तर आणखी काय हवं होतं!

अमेरिकेत अशी कितीतरी उद्यानं ट्राम कंपन्यांनी काढली. १८८८ साली फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने रिचमंड शहरात विजेची ट्राम नीट चालवून दाखवली आणि मग शहरोशहरी रूळ पडले. अडचण रविवारची होती. कारखाने बंद, डबे रिकामे, वीजघराचा खर्च मात्र चालूच. म्हणून कंपन्यांनी मार्गाच्या टोकाला झाडी, तळं, नाचघर, घोड्यांचं चक्र असं काहीबाही मांडलं. जाताना तिकीट, येताना तिकीट! पिट्सबर्गजवळचं केनिवूड १८९८ साली असंच एका ट्राम कंपनीने वसवलं.

लोक पुन्हा यावेत, तर पाळणे अधिक थरारक हवेत. सगळ्यांत थरारक रोलर कोस्टर, पण इथे त्याचा रूळ आडवा येतो. डबा सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा सुटला, तर अर्ध्या सेकंदात ५ मीटर पुढे जातो आणि सुमारे सव्वा मीटर खाली पडतो. डबा जड असो वा हलका, आकडा तोच. आता तेवढ्याच अंतरात रूळ दोन मीटर खाली गेला, तर? डबा हवेत, रूळ खाली! म्हणून जुने उतार सौम्य असत. १९०२ सालच्या 'लीप द डिप्स' या रोलर कोस्टरचे डबे रुळावर नुसते टेकलेले असतात.

रोलर कोस्टर बांधणाऱ्या जॉन मिलरने डब्याला रुळाच्या खालच्या अंगाला आणखी एक चाक लावलं. रूळ दोन चाकांच्या चिमटीत आला. आता उतार सुटलेल्या डब्याच्या पडण्याच्या वक्र वाटेपेक्षा, म्हणजे परवलयापेक्षा, तीव्र असला, तरी रूळच डब्याला खाली ओढतो. तुम्हाला मात्र कुणी ओढत नाही. तुम्ही आपल्या चालीने पडत असता, आसन तुमच्याआधी खाली निघून जातं, आणि मांडीवरचा दांडा तुम्हाला अडवतो. वजन जाणवतं ते आसन खालून रेटतं म्हणून. तो रेटा गेला की पोटात गोळा येतो. गुरुत्वाकर्षण जागच्या जागी असतं, जाहिरात काहीही म्हणो.

केनिवूडला ट्राम आता येत नाही, पण १९२० सालचा मिलरचा 'जॅक रॅबिट' आहे. त्याच्या ७० फुटी दुहेरी उतारावर शेवटच्या डब्यात बसावं: पुढचे डबे उतरून वेग घेतात, तेव्हा तो माथ्यावर असतो.