धूर उजव्याच चाकातून का निघतो?

जुनी गाडी ड्रॅग स्ट्रिपवरून (सरळ शर्यतीच्या पट्टीवरून) जोरात सुटली की मागे टायरचे काळे पट्टे राहतात. ते एकदा नीट पाहा. पुष्कळदा पट्टे दोन नसतातच. एकच असतो, आणि तोही उजव्या चाकाचा. बघणारे म्हणतात, "काय ताकद आहे इंजिनात!" मला त्या पट्ट्यात वाया गेलेला वेळ दिसतो. पुढे पैसेही वाया जायची लक्षणं असतात, कारण असा पट्टा काढणारा गडी हमखास मोठा कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा भाग) शोधायला निघतो.

ड्रॅग रेस म्हणजे थांबलेल्या गाडीने पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत कमीत कमी वेळात कापायचे. १९५१ साली अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली आणि या वेडाला नियमांची चौकट मिळाली. हातात पैसे थोडे आणि दारात जुनी गाडी असेल तर खर्च आधी कुठे करायचा? बहुतेकांचं उत्तर 'इंजिनावर' असतं. त्या उत्तराचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो.

इंजिन सतत सारखीच शक्ती देतंय असं धरू. शक्ती गुणिले वेळ म्हणजे गाडीची गतिज ऊर्जा. ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून वेग वाढतो वेळेच्या वर्गमुळाने. यावरून अंतर काढलं आणि समीकरण उलटवलं, की लागणारा वेळ 'वजन भागिले शक्ती' याच्या घनमुळाच्या प्रमाणात येतो. (इथे डोकं गरगरलं तर 'घनमूळ' एवढा शब्द धरून पुढे चला.) रॉजर हंटिंग्टन या मोटर-लेखकाने हे घनमुळाचं नातं प्रत्यक्ष गाड्यांच्या मोजमापांवरून आधीच मांडलं होतं. घनमूळ मोठं कंजूष असतं. १४.५ सेकंद घेणाऱ्या गाडीची शक्ती १० टक्के वाढवली तर वेळ जेमतेम ३ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे साधारण १४ सेकंदांवर येतो. वजन १० टक्के कमी केलं तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. मागची सीट, स्टेपनी, जॅक, हीटर हे सगळं काढायला पाना पुरतो.

पण हे सूत्र गृहीत धरतं की शक्ती पहिल्या क्षणापासून जमिनीवर उतरते. सुरुवातीला ती उतरत नाही, तिथे टायरची पकड आडवी येते. घर्षणांक (पकड भागिले चाकावरचा भार) १ च्या वर जात नाही असं अनेकांनी शाळेतून डोक्यात पक्कं केलेलं असतं. तसं असतं, तर सगळं वजन मागच्या चाकांवर टाकूनही गाडीचं त्वरण फार तर गुरुत्वीय त्वरणाइतकं झालं असतं आणि पाव मैलाला किमान ९ सेकंद लागले असते. टॉप फ्युएल या ड्रॅग रेसमधल्या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्यांनी ते अंतर साडेचार सेकंदांच्या आत कापलेलं आहे. त्यांना पंखांचा दाबही मिळतो हे खरं, पण मुख्य गोष्ट अशी की रबर पुस्तकातल्या लाकडी ठोकळ्यासारखं वागत नाही. ते डांबराच्या खाचाखोचांत शिरतं, चिकटतं, आणि तापलं की आणखी चिकटतं. रेसआधी चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढतात तो याचसाठी.

आता पकडीचा हिशेब करू. समजा गाडी १,४०० किलोची आहे आणि उभी असताना मागच्या चाकांवर त्यातलं ४५ टक्के, म्हणजे ६३० किलो वजन येतं. गाडी सुटते तेव्हा नाक वर उठतं आणि भार मागे सरकतो. किती? वजन गुणिले त्वरण (गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत) गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर. उंची ५५ सेंटिमीटर, अंतर २.७ मीटर आणि त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या निम्मं घेतलं तर सुमारे १४३ किलो. मागे झाले ७७३, प्रत्येक चाकावर ३८६. २० किलोची बॅटरी बॉनेटखालून काढून डिकीत बसवली तर मागे आणखी वीसेक किलो मिळतात. खर्च जाड वायरचा आणि बॅटरी घट्ट आवळून धरणाऱ्या ट्रेचा.

इथवर दोन्ही चाकांना सारखाच भार मिळतोय. मग धूर एकट्या उजव्या चाकातूनच का? माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

बहुतेक जुन्या गाड्यांत मागचा ॲक्सल एकसंध असतो आणि तो पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) बसवलेला असतो. गिअरबॉक्सकडून येणारा लांब प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या मागे उभं राहून पाहिला, तर बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पीळ देतो. हा पीळ फक्त चाकं फिरवून थांबत नाही, अख्खा ॲक्सलच त्या दिशेने कलंडवू पाहतो. डावं चाक जमिनीत रुततं, उजवं उचललं जातं. इंजिनाचा टॉर्क (पीळ देण्याचा जोर) ३०० न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर २.५ चा, म्हणजे टॉर्क अडीचपट करणारा, असेल तर शाफ्टवर ७५० न्यूटन-मीटर येतात. दोन चाकांमधलं अंतर १.४५ मीटर धरलं तर उजवं चाक सुमारे ५३ किलो हलकं होतं आणि डावं तेवढंच जड. उजवीकडे ३३३, डावीकडे ४३९.

त्यात साधं डिफरन्शियल (शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरांची पेटी) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. उजवं घसरलं की डाव्यालाही त्याच्याएवढाच मिळतो. म्हणजे ७७३ पैकी कामाचे राहिले दोनदा ३३३, म्हणजे ६६६. जवळजवळ १४ टक्के पकड नुसती पडून राहिली, तीही टायर न बदलता, इंजिनाला हात न लावता परत मिळण्यासारखी!

पण इंजिन ॲक्सलला पीळ देतं तसा उलटा पीळ बॉडीलाही बसतो. बॉडी उजवीकडे झुकते आणि उजव्या मागच्या स्प्रिंगला दाबते, म्हणजे उचललं जाणारं चाक परत खाली ढकलते. हा सगळा झुकाव मागच्या स्प्रिंगांनीच पेलला असता तर हिशेब चुकता झाला असता. पुढची स्प्रिंग आणि पुढचा अँटी-रोल बार (बॉडीचा झुकाव रोखणारी आडवी दांडी) त्यातला वाटा खातात, म्हणून घोळ उरतो. ५३ किलो ही त्यामुळे वरची मर्यादा समजा. यावरचा उपाय ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं: पुढचा अँटी-रोल बार सोडून ठेवायचा. चार बोल्ट, खर्च शून्य. (घरी जाताना परत लावायचा, नाहीतर वळणावर गाडी बोटीसारखी झुकेल.) दुसरा उपाय म्हणजे उजव्या मागच्या स्प्रिंगला थोडा जास्त ताण द्यायचा. क्रायसलरने ड्रॅगसाठी बनवलेले पाटेही डावे-उजवे वेगवेगळे असत. मागचा ॲक्सल स्वतंत्र सस्पेन्शनचा असेल तर डिफरन्शियल बॉडीलाच बांधलेलं असतं, दोन्ही पीळ आतल्या आत मिटतात आणि हा प्रश्नच येत नाही.

काही जण डिफरन्शियल वेल्डिंगने जाम करून टाकतात. स्वस्त पडतं, सरळ रेषेत चालतंही. पण वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळं अंतर कापायचं असतं. ते जमलं नाही की टायर घासतात आणि ॲक्सल शाफ्टवर ताण येतो. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलला (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जास्त टॉर्क देणाऱ्या) खर्च करावा, तो सत्कारणी लागतो.

खर्चाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधला की रेणू 'सरळ रांगेत' येतात आणि ताकद वाढते, असं सांगणारे अजून भेटतात. पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की उष्णतेच्या हालचालीपुढे त्याचं काही चालत नाही. इंजिनात सोडायच्या नायट्रस ऑक्साइड वायूची जादू मात्र खरी आहे, फक्त ते इंधन नाही. तापल्यावर तो रेणू फुटतो आणि ऑक्सिजन देतो. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३. जास्तीचं पेट्रोल सोबत दिलं नाही तर पिस्टन वितळू शकतो.

डिफरन्शियलचं प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) २.७३ वरून ३.७३ केलं तर चाकावरचा टॉर्क ३७ टक्के वाढतो. हे करून घ्याच, पण पकड जमल्यावर. आधी केलं तर पट्टा नुसता लांब होईल.

सगळं जमलं की १,३०० किलोची गाडी शेवटच्या रेषेवर ताशी १६० किलोमीटरने येते. तिच्यात तेव्हा सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा असते. खोलीच्या तापमानाचं साधारण चार लिटर पाणी उकळीला आणायला एवढी लागते. ही सगळी उष्णता काही सेकंदांत पोटात घ्यायचं काम जुन्या ड्रम ब्रेकवर पडतं. ड्रम तापून पसरला की पेडल खोल जातं, आणि नेमकी तेव्हाच स्ट्रिप संपत आलेली असते. प्रोपेलर शाफ्टखाली लोखंडी कडंही घालून घ्या. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं टोक जमिनीत रुतून गाडी उचलली जाते.