फलानुमान

निदान झालेला रोग पुढे कोणते वळण घेईल आणि त्या रुग्णाला कोणत्या उपचाराची गरज पडेल, याचा आधी बांधलेला अंदाज म्हणजे फलानुमान. खारघरच्या कर्करोग रुग्णालयात ओपीडीबाहेर बसलेले नातेवाईक ‘कितवी स्टेज आहे?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना निदान नको असते. पुढे काय, हे हवे असते.

हा विचार जुना आहे. चरकसंहितेत व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरे होणारे), याप्य आणि असाध्य असे भेद केले आहेत. याप्य म्हणजे मुळापासून न जाणारा, पण पथ्य आणि औषधाने ताब्यात राहणारा. आधुनिक संशोधनात एका वैद्याच्या अनुभवाची जागा हजारो माणसांच्या नोंदींनी घेतली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात 1948 साली सुरू झालेल्या पाहणीतून वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांवरून हृदयविकाराचा धोका मोजण्याची सूत्रे निघाली. भारतीयांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो, त्यामुळे ती सूत्रे इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत. आपल्या रुग्णांवर पुन्हा पडताळावी लागतात. या विषयातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे.

नवी मुंबईत असे काम खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत चालते. तिचे मूळ 1952 साली परळला स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. त्याचे संस्थापक संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी माणसांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध फार आधी अभ्यासला होता. तंबाखूची गोळी गालफडात धरण्याची सवय आणि तिथेच होणारा कर्करोग हा संबंध आपल्याकडे घरोघर ओळखीचा आहे.

रोगाचे स्वरूप नेमके कळले की गरज कशी ओळखता येते, याचे उत्तम उदाहरण तोंडाच्या याच कर्करोगाचे. गाठ लहान आहे, मानेत काही हाताला लागत नाही. मग मानेतल्या लसिकाग्रंथी लगेच काढायच्या की वाट पाहायची? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात 2004 ते 2014 या काळात रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून हे तपासले गेले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 500 रुग्णांच्या निष्कर्षांत, तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ग्रंथी आधीच काढलेल्या गटात 80 टक्के, तर वाट पाहिलेल्या गटात 67.5 टक्के निघाले. गाठ 3 मिलिमीटरपर्यंतच खोल गेलेल्यांत मात्र हा फायदा स्पष्ट दिसला नाही. ही खोली हाताने चाचपून ठरत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी लागते. 2018 पासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तोंडाच्या कर्करोगाची स्टेज ठरवताना गाठीच्या आकाराच्या जोडीला खोलीही धरली जाते.

रक्ताच्या कर्करोगात प्रश्न वेगळा असतो. उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जा स्वच्छ दिसली तरी 10,000 पेशींत 1 या प्रमाणात उरलेली रोगपेशी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी लेसर किरणातून नेऊन तपासण्याच्या पद्धतीने, पकडता येते. अशा पेशी उरलेल्या रुग्णाला रोग उलटण्याचा धोका जास्त, म्हणून उपचार वाढवायचे की अस्थिमज्जा प्रत्यारोपणाकडे जायचे, याचा विचार तेव्हाच सुरू होतो.

फलसूचक आणि उपचारसूचक खुणांची गल्लत करू नये. पहिली रोगाचा कल दाखवते, दुसरी कोणते औषध लागू पडेल ते सांगते. स्तनाच्या कर्करोगातील हर-2 हे प्रथिन आधी वाईट लक्षण मानले जाई. 1998 साली त्याच प्रथिनावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध आल्यावर तेच उपचारसूचक ठरले.

‘80 टक्के’ हा आकडा गटाचा असतो. समोर बसलेली आई त्या 80 मधली की उरलेल्या 20 मधली, हे त्यातून कळत नाही, आणि डॉक्टरांनी ते तसेच सांगायला हवे. दुसरी अडचण फॉलोअपची. रुग्ण रत्नागिरीला किंवा थेट बिहारला परततो, बरे वाटले की येत नाही, खालावला तरी येत नाही. न आलेले सगळे हयात धरले तर आकडा फुगतो, सगळे गेले असे धरले तर घसरतो. त्यामुळे केसपेपरवर गावाकडचा पत्ता आणि दोन-तीन नातेवाइकांचे फोन नंबर लागतात, आणि वर्षानुवर्षे त्या नंबरांवर फोन करणारे कोणीतरी लागते.