अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा विचारायचे

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा अभ्यास सुरू केला. गरोदरपणातील पोषणाचा मुलाच्या पुढील आरोग्याशी, विशेषतः मधुमेहाशी, काय संबंध आहे हे शोधायचे असल्यामुळे त्या वेळी पोटात असलेली मुले पुढे सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षीही तपासली गेली. अशा अभ्यासातला पेच हा की, ज्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवायची त्याला आरंभी विचारणेच शक्य नसते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती पुरते. सात ते बारा या वयात तिच्या जोडीला मुलाचा तोंडी होकार लागतो, त्यापुढे तो लेखी घ्यावा लागतो आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्या व्यक्तीची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. आईने वीस वर्षांपूर्वी केलेली सही तेव्हा चालत नाही. वाचता न येणाऱ्या सहभागीचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार हजर असावा लागतो.

कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये, हा हक्क कागदावर स्पष्ट आहे. प्रत्यक्षात जिथे तपासणी तिथेच औषधपाणी असेल, तर डॉक्टरांना ‘नको’ म्हणायला बरेच धैर्य लागते. म्हणून हे वाक्य संमतिपत्रात छापून भागत नाही, प्रत्येक फेरीला तोंडाने सांगायला हवे.

बाहेर पडणे म्हणजे नेमके काय, हेही ठरवावे लागते. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे पाच लाख लोकांना सामावून घेणाऱ्या, त्यांची आरोग्याची माहिती व रक्तासारखे नमुने संशोधनासाठी साठवणाऱ्या ब्रिटनच्या यूके बायोबँकेने त्याचे वेगवेगळे टप्पे आखले: कोणी ‘मला पुन्हा संपर्क करू नका’ एवढेच सांगून जुनी माहिती वापरू देतो, तर कोणी माहिती आणि नमुने यांचा पुढील वापरच थांबवतो. पूर्ण झालेल्या संशोधनातून मात्र माहिती मागे घेता येत नाही. नावाऐवजी संकेतांक (ओळख पटवणारा क्रमांक) असलेला रक्ताचा नमुना शोधून नष्ट करता येतो. ओळखीचे सर्व दुवे कायमचे तोडलेला नमुना कोणाचा, हे संशोधकालाही सांगता येत नाही. त्यामुळे नमुन्यावर संकेतांक राहणार की नाही, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.