समुद्रातल्या पवनचक्कीला सातबारा लागत नाही: अर्ज कोणाचा, कागद कोणते

छडवेलकडचे, म्हणजे साक्रीच्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यातले, एक काका फाइल घेऊन माझ्या टेबलासमोर बसले. फाइल बघण्यासारखी होती. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो आणि पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. म्हणाले, "समुद्रातली पवनचक्की, तिना फारम कोठे भेटी भाऊ?" एजंटाने त्यांना सांगितलं होतं, केंद्राने सात हजार कोटी काढलेत, पवनचक्कीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला पहिला मान आहे. फाइल करायचे एकवीसशे घेऊन तो गेला होता. महिन्याभरातली ही चौथी फाइल. आणखी दोघे-तिघे ठेकेदार वेगळ्याच कारणाने, निविदेत बाद होऊन आले होते. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो.

शेतकऱ्याने किंवा एकट्या माणसाने भरायचा समुद्री पवनऊर्जेचा अर्ज अस्तित्वात नाही. तहसीलला नाही, सेतूत नाही, कुठल्या पोर्टलवरही नाही. रक्कम मात्र खरी आहे, म्हणून तर फसगत होते. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी १,००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी, ५०० मेगावॉट गुजरातच्या किनाऱ्यासमोर आणि ५०० तमिळनाडूच्या. उरलेले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला, कारण एवढी लांब पाती आणि खांब साध्या धक्क्यावरून जहाजात चढत नाहीत. महाराष्ट्राचा किनारा या योजनेत नाही, तिथे साक्रीचा डोंगर कुठून येणार?

या पैशाचं नाव व्हायबिलिटी गॅप फंडिंग. ठिबकचं अनुदान खात्यावर पडतं तसं हे पडत नाही. समुद्रात वीज तयार करायचा खर्च आणि ती ज्या दराने खपेल तो दर, यांच्यात जी तूट राहते ती भरून काढायला हा निधी आहे, आणि तो निविदेतून निवडलेल्या विकासक कंपनीलाच मिळतो. वीज किनाऱ्यावर आणायची वाहिनी आणि समुद्रातलं उपकेंद्र पॉवरग्रिड या केंद्राच्या वीजवहन कंपनीने बांधायचं असं ठरलंय. तुम्ही एजंटाला दिलेले एकवीसशे या साखळीत कुठेच बसत नाहीत.

आता सातबाऱ्याचं. समुद्राला गट नंबर नाही, तलाठी नाही. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, आपलं प्रादेशिक पाणी; आणि २०० मैलांपर्यंत, सुमारे ३७० किलोमीटर, अनन्य आर्थिक क्षेत्र. त्यावर १९७६ चा सागरी क्षेत्रांचा केंद्रीय कायदा चालतो. २०१५ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय समुद्री पवनऊर्जा धोरण आलं, आणि समुद्रतळ भाड्याने द्यायचे नियम यायला थेट डिसेंबर २०२३ उजाडला. आठ वर्षं! आपल्याकडे वारसनोंद अडली तर आपण तलाठ्याला बोलतो. मंत्रालय नव व नवीकरणीय ऊर्जेचं, आणि कामकाज बघणारी संस्था चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था.

जो कोणी खरोखर अर्जदार आहे, म्हणजे पैसेवाली कंपनी, तिचीही सगळ्यात जास्त अडचण मुदतीच्या वाचनात होते. भाडेपट्टे दोन आहेत. पहिला वारा मोजायला आणि समुद्रतळ तपासायला, ३ वर्षांचा, पुढे २ वर्षं वाढू शकतो. दुसरा उभारणी आणि वीजनिर्मितीसाठी, ३५ वर्षांचा. बातमीत "३५ वर्षांचा पट्टा" एवढंच छापून येतं आणि लोक समजतात, एकदा सही झाली की झालं. पहिल्या पट्ट्यावर एक खांबही रोवता येत नाही. शिवाय संरक्षण, गृह, परराष्ट्र, पर्यावरण, अवकाश, जहाजवाहतूक, पेट्रोलियम अशा खात्यांच्या परवानग्या असतात. आधी तत्त्वतः, मग अंतिम. आपल्याकडे एका डीपीसाठी माणूस चपला झिजवतो, त्यावरून अंदाज करा.

निविदेची गत तर आणखी शिकवणारी. गुजरातच्या ५०० मेगावॉटची निविदा सेकी या केंद्रीय कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये काढली आणि २०२५ मध्ये ती रद्दही झाली. मोठ्यांना जमेना ते काम गावातला एजंट "कोटा संपत आलाय" म्हणून विकतो आहे.

दुसरी चुकीची वाचली जाणारी तारीख ३१ डिसेंबर २०३२. ही अर्जाची शेवटची तारीख आहे असं समजून निवांत बसलेली एक भागीदारी फर्म मला भेटली. ती अर्जाची तारीख नाही. समुद्री प्रकल्प तोपर्यंत चालू झाला तर त्याच्या विजेला आंतरराज्य वहन शुल्काची, म्हणजे वीज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याच्या भाड्याची, पूर्ण माफी आहे, एवढाच तिचा अर्थ. जमिनीवरच्या पवनचक्क्यांची तीच पूर्ण माफी ३० जून २०२५ पर्यंत चालू झालेल्या प्रकल्पांनाच होती. त्यानंतर शुल्क दरवर्षी २५ टक्क्यांच्या पायरीने चढतं. या दोन तारखांची खिचडी करून कोणी "मुदतवाढ आलीय" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग खान्देशातल्या माणसाचं यात काहीच नाही का? आहे, पण बाजूच्या दाराने. ब्राह्मणवेल, छडवेल, निजामपूर या भागात कित्येक पोरं पवनचक्कीच्या खांबावर चढून वाढलीत. बोल्ट आवळणं, पात्यांची दुरुस्ती, केबल, पेटी बनवणं, रंगकाम यात छोट्या फर्म तयार झाल्या आहेत. या फर्म सरकारी कंपन्यांच्या निविदेत उतरू शकतात, आणि नेमक्या तिथेच एका कागदावर आपटतात. तो कागद म्हणजे उद्यम प्रमाणपत्र, केंद्राच्या पोर्टलवर छोट्या उद्योगाची नोंदणी केल्याचा दाखला.

प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं, फुकट निघतं, दहा मिनिटांत निघतं. तेच दुखणं आहे. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना निविदेचा कागद फुकट मिळतो आणि बयाणा रक्कम, म्हणजे बोलीसोबत भरायची अनामत, माफ होते. धुळ्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने त्याच भरवशावर बयाणा भरला नाही, आणि बोली उघडताच बाद. का? नोंदणी करताना सायबर कॅफेवाल्याने व्यवसायाचा प्रकार "ट्रेडिंग" निवडला होता. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. बयाण्याची माफी त्यांना नाही. हा माणूस स्वतःच्या शेडमध्ये वेल्डिंग करतो, हात भाजून घेतो, पण कागदावर दुकानदार. तेव्हा प्रमाणपत्र काढून त्यावर मॅन्युफॅक्चरिंग लिहिलंय, सर्व्हिसेस लिहिलंय की ट्रेडिंग, ते आजच बघा. दुरुस्ती पोर्टलवर होते. निविदेच्या आदल्या रात्री नका करू.

दुसरा फटका बांधकामवाल्यांना. पाया, रस्ता, भिंत असं काम म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, आणि ते या धोरणात धरत नाहीत. तुमचं प्रमाणपत्र शंभर टक्के खरं असलं तरी बयाणा भरावाच लागतो. कोणी हे आधी सांगत नाही; निविदेच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरात असतं. मध्यम उद्योगालाही ही माफी नाही. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत, लघु उद्योगासाठी गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत, त्यामुळे आपल्याकडची बहुतेक वर्कशॉपं आरामात बसतात.

बाकी पॅन, जीएसटी, तीन वर्षांचे ताळेबंद, क्लास थ्री डिजिटल सही, हे नेहमीचंच. फक्त सही ज्याच्या नावाची त्याच्याच नावाने अधिकारपत्र हवं. वडिलांच्या नावाची फर्म आणि पोराच्या नावाची सही, हा आपल्याकडचा आवडता घोळ. आणि हेही लक्षात ठेवा, की हे सगळं सरकारी कंपन्यांच्या खरेदीपुरतं. समुद्रातला विकासक खाजगी असेल तर त्याला हे धोरण बांधील नाही, तो स्वतःच्या यादीतून माणसं घेतो.

ज्यांच्याकडे खरंच जमीन मागायला पवनचक्कीवाले येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण समुद्राच्या गडबडीत हे राहून जातं. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आणि नंदुरबारमध्ये जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागू होतं. बिगर आदिवासीला भाड्याने द्यायचीही पूर्वपरवानगी लागते: पाच वर्षांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांची, त्याहून जास्त मुदतीला राज्य शासनाची मान्यताही. पवनचक्कीचा करार पाच वर्षांत आटपत नाही. म्हणून नोटरीपुढे केलेला वीस-तीस वर्षांचा "भाडेकरार" कितीही रंगीत शिक्क्यांचा असला तरी अंगाशी येतो. वनहक्काचा पट्टा असेल तर विषयच संपतो. २००६ च्या कायद्यात ती जमीन वारसाला जाते, दुसऱ्याला देता येत नाही. पैसे आगाऊ मिळताहेत म्हणून अंगठा देऊ नका, आधी तलाठ्याकडून सातबाऱ्यावर भोगवटा वर्ग एक आहे की दोन (दोन म्हणजे परवानगीशिवाय दुसऱ्याला देता न येणारी जमीन), ते विचारा.

आणि ते प्रतिज्ञापत्र. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला आपल्या राज्यात मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. काकांचे पाचशे तिथे गेले, एकवीसशे एजंटाकडे. त्याचा फोन आता लागत नाही. पावती नव्हती, पण पैसे फोनवरून पाठवले होते, त्याचा व्यवहार क्रमांक निघाला. तो कागदावर उतरवून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायला लावली. फाइलमधला सातबारा तेवढा त्यांनी जपून परत घेतला, पीककर्जाला लागणार होता.